शेतीचे शिक्षण आणि आपली मुले



मी कृषी पदवीधर नाही. नांदेडला बी.ए. झालो आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो. पीककर्जाच्या फायली रोज माझ्या हाताखालून जातात. पण शेत पाहून अभिप्राय लिहितो तो कृषी अधिकारी. ते पद बी.ए. झालेल्याला मिळत नाही. त्यासाठी कृषी किंवा तत्सम विषयाची चार वर्षांची पदवी लागते. आज बोलायचे आहे ते या पदवीबद्दल.

"शिकून पुन्हा ढेकळंच तुडवायची का?" असे आपले पालक विचारतात. पिढ्यान्‌पिढ्या सालगडी म्हणून राबलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे? जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंगवास पत्करला. तरी आपल्यातले कितीतरी लोक भूमिहीनच राहिले. परंतु शेतमजुरी वेगळी आणि शेतीचे शास्त्र वेगळे.

संकरित कापसाचेच घ्या. 'नांदेड-४४' हे वाण आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे. असे बियाणे तयार करताना मादी वाणाच्या कळ्यांतले पुंकेसर संध्याकाळी काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातले परागकण त्यावर लावायचे. एकेक फूल, हाताने! मराठवाड्यातल्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर हे काम मजुरीने कोणी केले, ते इथे बसलेल्या माता-भगिनींना मी सांगायला नको. कोणता नर आणि कोणती मादी, हे ठरवणारा पैदासकार मात्र विद्यापीठात शिकलेला. त्या जागी आपली मुलगी का नसावी?

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. बारावी विज्ञान आणि सीईटीवर प्रवेश मिळतो. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र असे विषय असतात, आणि शेवटच्या वर्षी खेड्यात राहून कार्यानुभव घ्यावा लागतो. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलांना डॉक्टरकीखेरीज काही दिसत नाही. परीक्षा दोनदा हुकली की पोरगा घरी बसतो. त्याच लातुरात या विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे, ते त्याला कोणी दाखवत नाही. बारावी विज्ञान झेपत नसेल त्याला दहावीनंतर कृषी पदविकेची वाट आहे.

पुढे काय? लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, बँका, महाबीजसारख्या बियाणे संस्था, पदव्युत्तर शिक्षण घेऊन संशोधन. औषधांच्या दुकानाच्या परवान्यालाही आता शेतकी किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण विचारतात. नोकऱ्या मात्र मोजक्याच आहेत. स्पर्धा परीक्षेत वर्षे घालवणारे कृषी पदवीधरही पुष्कळ आहेत. म्हणून २००२ पासूनची केंद्राची कृषी चिकित्सालय योजना पाहावी. प्रशिक्षण, कर्ज आणि अनुसूचित जातींना जास्तीचे अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. खाजगी महाविद्यालय घेताना आधी त्याची शेतजमीन व प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून या, माहितीपत्रकावर जाऊ नका.

आणखी एक. २००४ साली सुरू झालेल्या दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन मिळण्याची तरतूद आहे. अशी जमीन मिळालेल्या घरातला मुलगा माती परीक्षणाचा कागद वाचू शकला, तर निदान सोयाबीनला कोणते खत किती घालायचे ते त्याला दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आताच करावा. प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. कागदपत्रांची अडचण असेल तर कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे.