लोखंडाचा शीण



लोखंडालाही शीण येतो, हे वाक्य कवीच्या तोंडी शोभेल. पण ते आहे इंजिनिअरांचं. मी बी.ए. झालेला माणूस, बोटांवर मात्रा मोजत आलेला. तरी या विषयाची मला ओढ वाटते. कारण इथेही सगळा कस मोजण्यात लागतो.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच दहा-वीस वेळा पुढेमागे वाकवा, तुटते. गाडीचा आस, विमानाचा पंख, पुलाची तुळई यांचंही असंच होतं. तिथे वाकणं डोळ्यांना दिसत नाही आणि फेऱ्या लाखांनी होतात, एवढाच फरक. कुठेतरी केसासारखी चीर पडते, हळूहळू वाढते. एके दिवशी उरलेल्या धातूला भार पेलवत नाही.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला. डबे पेटले, पन्नासहून अधिक माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडचे समुद्र पालथे घालून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूरव्हील त्यात पत्नी आणि मुलासह गेला.

पुढे प्रशियातल्या रेल्वेचे इंजिनिअर ऑगस्ट व्योलर यांनी भार लावून आस फिरवत ठेवले आणि ते किती फेऱ्यांनी तुटतात ते वर्षानुवर्षं नोंदवलं. ताण कमी केला की आयुष्य वाढतं, हे आकड्यांत मांडलं गेलं. पण प्रयोगशाळेतला ताण एकसारखा असतो. रस्त्यावर मात्र कधी खड्डा, कधी वळण, कधी रिकामी गाडी, कधी खच्चून भरलेली. मग आयुष्य सांगायचं कसं?

स्वीडनचे पाल्मग्रेन यांनी १९२४ साली आणि अमेरिकेचे मायनर यांनी १९४५ साली सोपी बेरीज सुचवली. एखाद्या ताणाने लाख फेऱ्यांत तुकडा तुटत असेल आणि दहा हजार फेऱ्या झाल्या असतील, तर एक दशांश आयुष्य खर्च झालं. असे सगळे अंश मिळवायचे. बेरीज एक झाली की आयुष्य संपलं.

पण वेड्यावाकड्या आलेखात एक फेरी म्हणजे नेमकी कोणती? याचं उत्तर जपानच्या मात्सुइशी आणि एन्दो यांनी १९६८ साली दिलं. त्यांनी आलेख उभा केला. त्याची टोकं पॅगोडाच्या एकाखाली एक छपरांसारखी दिसू लागली. त्यांवरून पावसाचं पाणी कसं ओघळेल, कुठल्या पागोळ्या कुठे थांबतील, त्यावरून फेऱ्या मोजायच्या. या रीतीत मोठ्या हेलकाव्याच्या पोटातले लहान हेलकावे वेगळे मोजले जातात आणि मोठा हेलकावा त्यांत हरवत नाही. आजही ही पद्धत जगभर वापरली जाते.

तरी बेरीज अपुरीच. अभंगात अक्षरांची संख्या सांभाळली की बरंचसं भागतं. गझलेच्या गणवृत्तात लघुगुरूंचा क्रमही सांभाळावा लागतो. मायनरांची बेरीज संख्या पाहते, क्रम पाहत नाही. धातू मात्र क्रम लक्षात ठेवतो. आधी मोठे ताण आणि मग लहान, असं झालं तर गुळगुळीत तुकडा बहुधा हिशेबापेक्षा लवकर तुटतो. उलट, आधीच चीर पडलेली असेल आणि एखादा मोठा ताण येऊन गेला, तर चिरेची वाढ काही काळ मंदावते. त्यात आस एकाच वेळी वाकतोही आणि पिळलाही जातो. दोन्ही ताण आपापल्या वेळेला शिगेला पोचतात. म्हणून इंजिनिअर धातूच्या आतली वेगवेगळी प्रतलं तपासतात आणि चीर कोणत्या प्रतलावर सुरू होईल, ते शोधतात.

एवढं करूनही उत्तर अंदाजाचंच. एकाच पोलादाचे, एकाच मापाचे दोन तुकडे एकाच ताणाखाली वेगवेगळ्या फेऱ्यांना तुटतात. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे इथे वेगवान गाडीच्या चाकावरची पोलादी धाव शिणून तुटली. १०१ माणसं गेली. चीर धावेच्या आतल्या बाजूने सुरू झाली होती, बाहेरून दिसेल अशी नव्हती.

म्हणून मला वाटतं, आयुष्याच्या या आकड्याला कुणी अभयपत्र समजू नये. तो एवढंच सांगतो की तपासणी कधीपासून आणि किती वेळा करायची. प्रत्यक्ष तपासायचं काम माणसालाच करावं लागतं, आणि ते टाळलं तर कुठलाही हिशेब प्रवाशाला वाचवत नाही.