बुरशी पेंडीत, दोष गायीला

(कळंबोली येथे पशुपालक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



कळंबोलीच्या पोलाद बाजारात उघड्यावर पडलेल्या लोखंडावर पावसाळ्यात पाहता पाहता गंज चढतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तीच दमट हवा पनवेल, उरण, खालापूर तालुक्यांतील गोठ्यांत पेंडीच्या पोत्यांतही शिरते. गंज डोळ्यांना दिसतो. पेंडीतील बुरशीचे विष मात्र दिसत नाही. त्या विषाचा वळू व रेडा यांच्या प्रजननशक्तीवर काय परिणाम होतो, याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील भुईमूग पेंडीत बुरशीचे विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरात व राजस्थानात, पंचमहाल व बांसवाडा भागांत, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे मृत्यू पावली.

मृत्यू लपत नाही. प्रजननशक्तीचा ऱ्हास मात्र लपून राहतो. अफ्लाटॉक्सिनचा पहिला आघात यकृतावर होतो. नरप्राण्यांवरील प्रयोगांत या विषामुळे शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटल्याचे आणि विकृत शुक्रजंतू वाढल्याचे आढळले आहे. मक्यावरील दुसऱ्या एका बुरशीचे झिअरॅलेनोन हे विष शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करते; डुकरांना त्याची बाधा विशेष होते. रवंथ करणारी जनावरे तुलनेने काटक असली, तरी ती पूर्णतः सुरक्षित नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वळूच्या शरीरात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस आणि पक्व होण्यास आणखी आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे श्रावणात खाल्लेल्या पेंडीचा दोष आश्विन-कार्तिकात प्रकट होऊ शकतो. तोवर ते पोते संपलेले असते. गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते, आणि 'गाय उलटते' म्हणून ती बाजाराची वाट धरते. एका वळूच्या दोषापायी गावातील अनेक गोठे रिकामे राहतात.

गोठित रेतनाच्या केंद्रांत वीर्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. एका मात्रेत दोन कोटी शुक्रजंतू असावेत आणि गोठण उतरल्यावर त्यांपैकी निम्मे तरी हालते असावेत, असा दंडक आहे. गावच्या वळूची अशी तपासणी सहसा होत नाही. त्याचे रक्षण त्याच्या गव्हाणीतच करावे लागते.

उपाय साधे आहेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. खाद्यातील ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा. पावसाळ्यात मोठा साठा करू नये. ढेकळे झालेली वा कुबट वासाची पेंड टाकून द्यावी. उन्हाने किंवा उकळण्याने बुरशी मरते, विष राहते. दुभत्या जनावराला नको म्हणून तीच पेंड वळूपुढे टाकण्याचा मोह टाळावा. दुभत्या जनावराने ती खाल्ली तर विषाचा अंश दुधात उतरतो. दुधातील या अंशाची कायदेशीर मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

न फळण्यास रोग, उष्मा, कुपोषण अशी अन्य कारणेही असतात. म्हणून एकाच वळूपासून अनेक गायी उलटू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत वळूची व खाद्याची तपासणी करवावी. दोष खाद्याचाच असेल, तर ते बदलून किमान अडीच महिने थांबावे.

पंचायतीने गावच्या वळूसाठी कोरड्या कोठाराची सोय करावी. शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोचवावी. गाय विकण्यापूर्वी पेंडीचे पोते उघडून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.