पंपघरातील मोबाईल स्टार्टर : सोय आणि सावधगिरी



ज्या वाहिनीवर अजून रात्रीची पाळी आहे, तेथे रब्बीचे पाणी म्हणजे काय असते हे मी तुम्हांला सांगायला नको. मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून जायचे आणि ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा. साप आणि शॉक, दोन्ही याच फेरीत गाठतात. म्हणून मोबाईल स्टार्टर ही चैन आहे असे मी मानत नाही. घरून फोन केला की पंप चालू होतो, आणि वीज आली-गेल्याचा निरोपही मिळतो.

मात्र बरेचजण तो बसवितात आणि 'ऑटो'वर ठेवून मोकळे होतात. येथेच घोटाळा आहे. हिशेब करून पाहा. 63 केव्हीएचे रोहित्र सुमारे 84 अँपिअर देऊ शकते. त्यावर पाच अश्वशक्तीचे दहा पंप असतील तर चालताना ते 75 अँपिअरच्या आसपास घेतील, म्हणजे भागते. परंतु थेट सुरू होणारी मोटार क्षणभर सहापट प्रवाह ओढते. वीज येताच दहाही मोटारी एकदम उठल्या तर मागणी 450 वर जाते. मग फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळते आणि ऐन फुलोऱ्यात पिकाचे पाणी तुटते. तेव्हा एका रोहित्रावरील सर्वांनी एकत्र बसून पंप सुरू होण्याची वेळ वाटून घ्यावी. कोणी दोन मिनिटांनी, कोणी चार. बांधावरून भांडण असले तरी एवढे करावेच.

स्टार्टर घेताना एक फेज गेल्यास आणि पंप कोरडा चालल्यास मोटार बंद करणारी सोय आहे ना, हे पाहा. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील प्रवाहानुसार लावून घ्या. वारंवार तुटतो म्हणून तो वाढवून ठेवणे म्हणजे वायंडिंग जाळण्याची तयारी होय. पाच अश्वशक्तीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लावा. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटारीबरोबर बंद होतो.

आता कुलपाची गोष्ट. आमच्या घरच्या विहिरीवर हा स्टार्टर बसविला तेव्हा कारखान्याचा सांकेतिक क्रमांक बदलायचा आणि आपले नंबर नोंदवायचे राहून गेले. एके दिवशी कोणाचा तरी चुकीचा फोन त्या सिमवर लागला आणि पंप सुरू झाला. वडील त्या वेळी कपलिंगचे नट आवळीत होते. पाना उडाला, हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून घरातील तीनच नंबरांवरून पंप चालतो, आणि दुरुस्तीपूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवतो. नुसता मोबाईलवरून पंप बंद केला म्हणजे वीज बंद झाली असे नव्हे.

सिमचे रिचार्ज संपण्याची तारीख पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओता.