सेवेची वर्षे आणि उद्याची भाकर

(सिंदी (रेल्वे), जि. वर्धा येथे महाविद्यालयीन युवक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'राष्ट्रीय सेवा आणि करिअर' असा आजचा विषय आहे. हे दोन शब्द एकत्र उच्चारले की दोन प्रकारची माणसे अस्वस्थ होतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, सेवेत करिअर कसले शोधता? सेवा निरपेक्षच असली पाहिजे. आणि ज्यांच्या घरी चार एकर कोरडवाहू कपाशी आहे, मुलगा बारावी झालेला आहे, ते विचारतात, सेवा ठीक आहे हो, पण पोराच्या पोटापाण्याचे काय? दोघांचेही म्हणणे प्रामाणिक आहे. म्हणून दोघांनाही टाळून पुढे जाता येणार नाही. सेवेचा काळ वाया जात नाही, परंतु तो आपोआप करिअरही होत नाही. सेवा आणि उपजीविका यांच्यामध्ये एक पूल बांधावा लागतो. त्याचा काही भाग तरुणाने बांधायचा असतो आणि काही समाजाने. एवढेच मला आज सांगायचे आहे.

सेवा आणि उपजीविका यांचे वैर आपल्याकडे पूर्वापार होते, असे नाही. 1905 साली नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सुशिक्षित माणसांनी देशकार्य हेच आयुष्याचे काम मानावे आणि त्यांच्या साध्या चरितार्थाची काळजी संस्थेने वाहावी, ही त्यामागची कल्पना होती. मुंबई महापालिकेत अभियंता असलेले अमृतलाल ठक्कर 1914 साली नोकरी सोडून या समाजात आले आणि पुढे सारा देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणून ओळखू लागला. त्यांचे अभियांत्रिकीचे ज्ञान त्यामुळे निरुपयोगी झाले का? मुळीच नाही. दुष्काळात मदतकार्य उभारताना हिशेबी, शिस्तबद्ध माणूस लागतो. त्यांच्या सेवेला त्यांच्या व्यावसायिक शिक्षणाचाच आधार होता.

याच भारत सेवक समाजाचे अध्यक्ष पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1948 साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी. उभी राहिली. चीनच्या आक्रमणानंतर 1963 साली ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली आणि 1968 साली पुन्हा ऐच्छिक झाली. या पाच वर्षांतून एक धडा घेण्यासारखा आहे. सक्तीने संख्या वाढते, गणवेश वाढतात, परंतु मन लागेलच याची हमी सक्ती देऊ शकत नाही.

दुसरा प्रवाह महाराष्ट्राच्या एका सुपुत्राशी जोडलेला आहे. 1959 साली केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्चाचा आणि व्यवस्थेचा प्रश्न आला आणि ती शिफारस मागे पडली. पुढे ऐच्छिक सेवेचा मार्ग स्वीकारला गेला आणि 24 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतील 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज तिच्या स्वयंसेवकांची संख्या 40 लाखांच्या घरात आहे.

त्याच 1969 साली आपल्या वर्धा जिल्ह्यात आणखी एक घटना घडली. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात मुक्काम करते, घरोघर जाऊन कुटुंबाच्या आरोग्याची नोंद घेते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. तेथे सेवा म्हणजे अभ्यासानंतर उरलेल्या वेळातला उपक्रम नाही. ती अभ्यासाचाच भाग आहे. खेड्यातल्या बाईला तिच्या भाषेत आजार समजावून सांगणे हे ज्याला जमले, तो डॉक्टर म्हणूनही अधिक चांगला होतो. सेवेतून करिअर घडते ते असे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहू. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. शिबिर होते, फलक लागतो, छायाचित्र निघते आणि प्रमाणपत्र मिळते. पुढे मुलाखतीला बसल्यावर कोणी विचारले, 'शिबिरात काय केले?' तर उत्तर येते, 'वृक्षारोपण केले.' किती रोपे लावली? त्यातली विदर्भाचा पुढचा उन्हाळा काढून किती जगली? पाणी कोणी घातले? येथे उत्तर थांबते.

सिंदी हे तान्ह्या पोळ्याचे गाव. लहान मुलाच्या हाती लाकडी बैल देऊन आपण त्याच्यावर शेतीचा संस्कार करतो. त्या संस्काराचे मोल मोठे आहे. परंतु तो बैल कितीही सजवला तरी त्याने वावर नांगरले जात नाही, हे आपण सारे जाणतो. नुसत्या प्रमाणपत्राचेही असेच आहे. ते संस्काराची खूण आहे, कामाची जागा ते घेऊ शकत नाही.

जेथे प्रमाणपत्रामागे खरे काम आहे, तेथे दारे निश्चित उघडतात. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला 50 टक्के गुण असलेल्या युवकाला सेनाधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला जाण्याची संधी असते. मुलींनाही ती आहे. किती पालकांना हे ठाऊक आहे? परंतु निवड मंडळापुढे पाच दिवस कसोटी लागते, तेव्हा कागद बोलत नाही, माणूस बोलतो. अंगी बाणलेली शिस्त आणि नेतृत्वच तेथे उपयोगी पडते.

मित्रहो, आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे होती. तरुण चार वर्षांसाठी सैन्यदलात जातो. पहिल्या वर्षी दरमहा 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार रुपये वेतन. त्यातला 30 टक्के वाटा सेवानिधीत जमा होतो, तेवढीच रक्कम सरकार घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये हाती येतात. प्रत्येक तुकडीतील 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात. म्हणजे चारांतले तीन घरी परततात. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हे आईवडिलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. अर्धवट माहितीवर भरतीला पाठवलेला मुलगा पुढे निराश झाला, तर त्यात देशाचेही हित नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बावीस-पंचविशीचा, व्यसनांपासून दूर राहिलेला, पहाटे उठणारा, आज्ञा पाळणारा आणि वेळ आली तर आज्ञा देणारा, यंत्रसामग्री हाताळलेला तरुण ही कोणत्याही समाजाची संपत्ती आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अशा तरुणांसाठी 10 टक्के जागा राखण्याची घोषणा 2022 मध्येच झाली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने सेवेतील प्रशिक्षणाला 50 टक्के श्रेयांक देणारा पदवी अभ्यासक्रम आखला. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होण्याचा हा कालखंड आहे. म्हणून प्रश्न आता दिल्लीतला राहिलेला नाही, तो आपल्या गावाच्या वेशीशी आला आहे. तो मुलगा रेल्वेने सिंदीच्या फलाटावर उतरेल, तेव्हा त्याचे आपण काय करणार?

हारतुरे घालू, मिरवणूक काढू. ते करावेच. पण तिसऱ्या दिवशी काय?

आजूबाजूला नजर टाका. सिंदीच्या शिवारात ड्राय पोर्टचा प्रकल्प आकाराला येतो आहे. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत जवळच आहे. गोदामे, कारखाने, मालवाहतूक यांना सुरक्षेची, अग्निशमनाची, यंत्रदेखभालीची माणसे लागतात. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. देशभरातून मुले तेथे शिकायला येतात आणि आपल्या तालुक्यातील किती मुलांनी त्याचे फाटक पाहिले आहे? नागरी संरक्षणाचे शिक्षण देणारी संस्था 1957 पासून नागपुरातच आहे आणि आता तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी झाली आहे. एन.सी.सी.च्या शिक्षक-अधिकाऱ्यांना घडवणारी प्रबोधिनी कामठीला आहे. सेवेच्या शिक्षणाची एवढी मोठी केंद्रे ज्यांच्या दाराशी आहेत, त्यांनी संधी नाही म्हणून केवळ हळहळत बसणे शोभत नाही.

शेवटी तिघांना तीन विनंत्या करतो. तरुणांनो, शिबिरात असा किंवा सैन्यात, एक वही ठेवा. कोणते काम केले, कोणते यंत्र शिकलात, कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे त्या त्या दिवशी लिहा. चार वर्षांनंतर तीच वही तुमची खरी गुणपत्रिका असेल. पालकांनो, मुलाचा सेवानिधी हाती येईल, तेव्हा त्यातून आधी घराची गच्ची किंवा लग्नाचा मांडव उभा करू नका. त्याचे पुढचे शिक्षण आणि त्याचा व्यवसाय यांचा त्या रकमेवर पहिला हक्क आहे. ती त्याच्या घामाची आहे.

आणि शाळा-महाविद्यालयांचे चालक, उद्योजक, व्यापारी यांना विनंती अशी की, आपल्या पंचक्रोशीतून किती मुले सेवेत गेली आणि कोण केव्हा परतणार, याची एक यादी आजच करा. तो परतण्याआधी सहा महिने त्याच्याशी बोला. त्याला काय येते ते विचारा, तुम्हाला काय हवे ते सांगा. यासाठी सरकारी आदेशाची गरज नाही. एक शिक्षक, एक माजी सैनिक आणि एक कारखानदार एवढी तीन माणसे पुरेशी आहेत. ही तीन माणसे सिंदीत आहेत, आणि माझा अंदाज आहे की, ती आत्ता याच सभागृहात बसलेली आहेत.