तळ्यावरच्या माणसाचे नाव

(स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



चित्रपटांतील आणि व्हिडिओ गेममधील पात्रे, त्यांतही दुय्यम भूमिका, हा आमचा आजचा विषय आहे. आपल्या मेळाव्यात हा विषय कोठून उपटला, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळींच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसत आहे. तो आमच्या तळघरातून उपटला. आज संध्याकाळी आपली मुले महाडच्या सत्याग्रहावर एक छोटी नाटिका सादर करणार आहेत. गेले सहा रविवार तिच्या तालमी आमच्याकडे चालू होत्या. पहिल्या रविवारी अकरा मुले आली आणि अकराच्या अकरांना बाबासाहेब व्हायचे होते. मुलीही मागे नव्हत्या. अखेर चिठ्ठ्या टाकल्या. भूमिकांच्या यादीच्या तळाशी आम्ही 'तळ्यावरची माणसे, एक ते पाच' असे लिहून मोकळे झालो होतो. त्यातला 'चौथा माणूस' नऊ वर्षांच्या एका मुलाच्या वाट्याला आला. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "मला नाव का नाही?" आम्ही म्हणालो, "अरे, तू गर्दीतला माणूस आहेस." तो म्हणाला, "म्हणजे मी एनपीसी!" आणि रुसून जिन्यावर जाऊन बसला.

एनपीसी हा शब्द आम्हां वडीलधाऱ्यांना नवा होता. मुलांनीच तो समजावून दिला. व्हिडिओ गेममध्ये मूल ज्याला चालवते तो नायक. बाकीची जी पात्रे यंत्र चालवते ती नॉन-प्लेअर कॅरॅक्टर, म्हणजेच एनपीसी. वेशीवरचा पहारेकरी, लोहार, खाणावळवाली बाई. त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबले की ती एक वाक्य बोलतात, पुन्हा दाबले की तेच वाक्य पुन्हा. आजकाल मुले एकमेकांना चिडवण्यासाठीही हा शब्द वापरतात. ज्याला स्वतःचे मन नाही, तो एनपीसी.

परंतु थोडा वेळ मुलांच्या मागे उभे राहून पाहिले, तेव्हा निराळीच गोष्ट ध्यानात आली. वाट कोणती, धोका कोठे, तलवारीची किंमत काय, हे सारे नायकाला सांगतात ती हीच माणसे. ती काढून घेतली तर उरते ते निर्जन गाव. २०१५ साली आलेला 'अंडरटेल' नावाचा एक गेम आमच्या घरातील मुलीने आम्हांस दाखविला. टोबी फॉक्स यांनी तो तयार केला. त्यात वाटेत भेटणाऱ्या राक्षसांना मारता येते, तसेच एकालाही न मारता शेवटपर्यंत जाता येते. प्रत्येक बारीकसारीक राक्षसाला स्वभाव आहे, कोणी लाजरा, कोणी बढाईखोर. सरसकट मारत सुटलात तर पुढची गावे ओस पडलेली दिसतात, आणि तुम्ही काय केलेत ते त्या जगातील पात्रे विसरत नाहीत. नायक तोच, राज्य तेच; पण दुय्यम पात्रांशी तुम्ही कसे वागलात यावर साऱ्या कथेचा अर्थ ठरतो. पंचशीलातील पहिले शील घरी पाठ करून घेताना आम्ही जे समजावू शकलो नव्हतो, ते या मुलीला त्या ओस गावाने समजाविले होते, हे कबूल केले पाहिजे.

सगळेच गेम असे नसतात. 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध गेममध्ये १९९१ पासून भारताचे नेतृत्व गांधीजींकडे आले. त्यातील गांधी एका चुकीमुळे अणुबॉम्ब टाकत सुटतात अशी दंतकथा वर्षानुवर्षे चालली, आणि ती खोटी असल्याचे खुद्द निर्माते सिड मायर यांना २०२० साली आपल्या आठवणींत लिहावे लागले. त्याच मालिकेच्या २००५ च्या चौथ्या भागात सम्राट अशोक आले आणि २०२५ च्या सातव्या भागात तर दोन रूपांत आले, एक जग जिंकणारा अशोक, दुसरा जगाचा त्याग करणारा. आपल्या घरांतून याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. मात्र अशोकाचे मन ज्या माणसांमुळे पालटले, ती कलिंगातील माणसे तेथे केवळ संख्या आहेत. मुले कोणते रूप निवडतात, हे आम्ही मुद्दाम विचारले नाही!

आता चित्रपटांकडे वळू. आपल्यापैकी एका कुटुंबातील मुलीला शाळेत रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२ चा 'गांधी' दाखविण्यात आला. चित्रपट तीन तासांहून मोठा. घरी येऊन ती म्हणाली, "मी बाबासाहेबांची वाट बघत बसले होते." ते आलेच नाहीत. त्या चित्रपटात बाबासाहेब नाहीत, १९३२ चा पुणे करार नाही. अंत्ययात्रेच्या दृश्यात मात्र तीन लाखांहून अधिक माणसे उभी केली होती. आपल्या येथील बीव्हर स्टेडियम जवळजवळ तीनदा भरेल एवढी! एवढ्या गर्दीला जागा होती, पण ज्या एका माणसाने गांधीजींना त्यांच्या तोंडावर प्रश्न विचारले, त्याला दुय्यम भूमिकेचीसुद्धा जागा नव्हती. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. ज्या कथेत नायकाला आतून अडवणारे पात्र नसते, तेथे नायक मोठा होत नाही, केवळ उंच दिसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॉ. जब्बार पटेल यांनी २००० साली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा इंग्रजी चित्रपट केला तेव्हा ही मांडणी उलटी झाली. मामुट्टी बाबासाहेब झाले, सोनाली कुलकर्णी रमाई झाल्या, आणि गांधीजी दुय्यम भूमिकेत आले. ती मोहन गोखले यांनी केली. तोच काळ, तीच माणसे. फक्त कोण मध्यभागी आणि कोण कडेला, एवढे बदलले आणि इतिहास निराळा दिसू लागला. दुय्यम हा कोणा माणसाचा जन्मजात गुण नव्हे. ती कथा सांगणाऱ्याने नेमून दिलेली जागा आहे. जन्माने जागा नेमून देण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही, म्हणून हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर दिसते.

आपल्या जलशांना ते फार पूर्वीच दिसले होते. तमाशातला सोंगाड्या राजाच्या बाजूला उभा राहून राजाची फजिती करतो, हे सर्वांना ठाऊक होते. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तोच साचा घेतला आणि त्यातून समाजाला प्रश्न विचारले. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

अलीकडच्या मराठी चित्रपटांत 'फँड्री' आणि 'सैराट' आपण सर्वांनी पाहिले आहेत, म्हणून त्यांवर वेळ घालवीत नाही. 'फँड्री'त डुक्कर वाहून नेणाऱ्या जब्याच्या मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. भिंतीवरचे चित्र एक शब्द न बोलता किती मोठी भूमिका करू शकते, ते तेथे पाहावे. 'सैराट'मध्ये हैदराबादच्या झोपडपट्टीत परक्या पोरांना आसरा देणारी सुमनअक्का, म्हणजे छाया कदम, नसती तर आर्ची आणि परश्या यांचा संसार उभाच राहिला नसता.

परंतु आमच्या मते या विषयाची सर्वांत मोठी कसोटी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये आहे. २०१४ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिरावर खटला आहे. त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. शाहिराचे काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. ते स्वतः चळवळीतले होते, २०२१ साली कोरोनाने ते गेले. आता लक्ष देण्याची गोष्ट अशी की, ज्याच्या मृत्यूवर सारा खटला उभा आहे तो वासुदेव पवार पडद्यावर एकदाही येत नाही. येते ती त्याची विधवा पत्नी, साक्ष देण्यासाठी. वकील विचारतात तेवढेच ती सांगते. गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. वास सोसवत नाही म्हणून दारू प्यायचा. सुरक्षेचे साहित्य नव्हते. छोटीशी भूमिका, आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण त्या साक्षीनंतर तो माणूस कशाने मेला हे सांगण्यासाठी प्रेक्षकाला कोणत्याही वकिलाची गरज उरत नाही. दोन्ही वकील आणि न्यायाधीश यांच्या घरातली जेवणे, सहली आपण पुढे-मागे पाहतो. तिचे घर आपल्याला दिसत नाही. ही उणीव नव्हे. कोणाच्या घरापर्यंत न्यायालयाची नजर पोहोचते आणि कोणाच्या नाही, हेच दिग्दर्शकाने दाखविले आहे. आमच्यापैकी कित्येकांचे आजोबा मुंबईच्या सफाई खात्यात होते. ते दृश्य आम्ही एका बैठकीत पुरे पाहू शकलो नाही.

शेवटचे उदाहरण या देशातले. इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' या २०२० च्या ग्रंथावरून एव्हा ड्यूव्हर्ने यांनी २०२३ साली 'ओरिजिन' हा चित्रपट केला. नायिका स्वतः लेखिका आहे आणि बाबासाहेब त्यात दुय्यम पात्र आहेत. ती भूमिका नटाने नव्हे, येथेच राहणारे समाजशास्त्राचे प्राध्यापक गौरव पठानिया यांनी केली. वर्गाबाहेर बसविलेला लहान भीमराव त्यात दिसतो, आणि अल ब्राइट नावाचा एक काळा मुलगाही दिसतो. १९५१ सालची, ओहायोतील यंग्सटाउनची ही खरी घटना. येथून मोटारीने पश्चिमेकडे तीनेक तासांवर ते गाव आहे. मुलांच्या बेसबॉल संघाने स्पर्धा जिंकली म्हणून सारा संघ नगरपालिकेच्या तलावावर पोहायला गेला. त्या एकट्याला कुंपणाबाहेर बसविले. फार रदबदली झाल्यावर इतर सर्वांना पाण्याबाहेर काढून त्याला रबरी तराफ्यावर बसवले आणि तलावाला एक फेरी मारून आणले. ढकलणारा त्याच्या कानाशी सांगत होता, पाण्याला हात लावू नकोस.

हे दृश्य आम्ही चार कुटुंबांनी मिळून पाहिले. ते संपल्यावर आपली मुले आमच्याकडे पाहू लागली. चवदार तळ्याची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. पण ती आजी-आजोबांच्या देशातली, फार लांबची गोष्ट होती. एका दुय्यम पात्राने ते पाणी त्यांच्या अंगणात आणून ठेवले. नाटिका करण्याची कल्पना त्याच रात्री मुलांनी काढली.

आणि एवढे सारे पाहून-बोलून आम्ही कागदावर काय लिहिले? 'तळ्यावरची माणसे, एक ते पाच.' जिन्यावर रुसून बसलेल्या त्या मुलाचे म्हणणे खरे होते. ॲटनबरोंना बोल लावणाऱ्या आम्ही आमच्या पाच पानांच्या नाटिकेत तेच केले होते.

म्हणून यादी नव्याने लिहिली. परिषद महाडला भरावी म्हणून धडपडणारे, जेमतेम चोविशीतले रामचंद्र बाबाजी मोरे आले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मांडणारे सी. के. बोले आले, महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आले, अनंतराव चित्रे आणि गंगाधरपंत सहस्रबुद्धे आले. रुसलेला मुलगा आता फत्तेखान आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा आपली जमीन देणारे ते फत्तेखान. "जागा माझी आहे, मंडप इथे घाला," एवढे एकच वाक्य त्याला आहे. वाक्य आमचे आहे, जमीन दिल्याची गोष्ट इतिहासातली आहे. गेले तीन आठवडे तो ते वाक्य घरभर म्हणत फिरतो आहे, असे त्याच्या आईने सांगितले.

तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग ओंजळ भरणारी हजारो माणसे उरलीच. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेच नाहीत. तेव्हा आम्ही असे ठरविले की गर्दीतल्या प्रत्येक मुलाने आपल्या स्वतःच्या पणजोबाचे किंवा पणजीचे नाव घ्यावे. ती मंडळी महाडला गेली नसतील, बहुतेक गेली नव्हतीच, पण माणसाला नाव तर हवे! हे आम्ही सहज बोलून गेलो आणि पंचाईत झाली. पणजोबांची नावे सर्वांना सांगता आली. पणजींची नावे पाचांपैकी दोघांनाच. एका घरात आई-वडील, आत्या, काका, सगळ्यांना विचारून झाले. जो तो सांगे, "आम्ही तिला मोठी आईच म्हणायचो." शेवटी त्या मुलीच्या वडिलांनी रात्री दहा वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी, नागपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी फोन लावला. तेथील एका वयोवृद्ध चुलतीला आठवेना. तिने शेजारच्या म्हातारीला हाक मारली. फोनवर बराच वेळ गायी-गुरांचे आणि भांड्यांचे आवाज येत राहिले. मग नाव आले. मुलीने ते कागदावर लिहून घेतले, दोनदा म्हणून पाहिले, आणि उच्चार बरोबर आहे का म्हणून फोनवर पुन्हा विचारून घेतले.

ते नाव आम्ही येथे सांगत नाही, कारण ते सांगण्याचा मान तिचा आहे. नाटिका साडेसहाला सुरू होईल. तळ्याच्या प्रवेशात ती डावीकडून दुसरी उभी असेल. तिचा आवाज लहान आहे, तेव्हा मागच्या रांगेतील मंडळींनी कृपया पुढे येऊन बसावे.

जय भीम.