गावांचा पट आणि इंग्रजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. इंग्रजीविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा प्रथम हसूच आले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे माझ्या वाट्याला तीनच वर्षे आली. २००० सालापासून मराठी शाळांत ती पहिलीपासून सुरू झाली आणि घरोघर आयांची पंचाईत झाली. मुलीने काही विचारले की मी म्हणायची, "बाबा आल्यावर विचार." बाबा आले की त्यांना नेमके मोटारीचे स्टार्टर बघायचे असे.

अशात माझी धाकटी, चौथीतली, सांगू लागली की इंग्रजीच्या तासाला आम्ही कवड्या खेळतो. माझे डोकेच फिरले. तशीच उठून शाळेत गेले, तक्रार करायला. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, एक डाव बसा."

पट खोक्याच्या पुठ्ठ्याचा. सुरुवात बारामतीपासून. तिथून इंदापूरला जायच्या दोन वाटा. एक काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी तुकोबांच्या पालखीची. दुसरी भिगवणला जाऊन पळसदेववरून, उजनीच्या पाण्याच्या कडेची. इंदापूरच्या पुढे नीरा-नरसिंहपूर. तिथे भीमा-नीरेच्या संगमावर जो आधी पोचेल तो जिंकला. चार कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकी घरे पुढे. पण सोंगटी हलवण्याआधी शेजारच्याने विचारायचे, "व्हेअर आर यू?" मग "व्हेअर आर यू गोइंग?" उत्तर आले तर चाल, नाहीतर बस जागीच.

मी सणसरला तीन डाव बसून होते! सणसर मला ठाऊक, रस्ता ठाऊक, एस.टी. ठाऊक. अडले ते एवढ्याशा शब्दापाशी. आपण "सणसरला" म्हणतो, "पाण्याखाली" म्हणतो. आपले "ला" आणि "खाली" नावाच्या मागून येतात. इंग्रजीत ते आधी येऊन बसतात: "ॲट सणसर", "अंडर द वॉटर". तीन वर्षे शाळेत हे मला कुणी सांगितले असेलही, पण कळले ते पुठ्ठ्यावर.

लंडनला १७५९ साली जॉन जेफरीज नावाच्या गृहस्थाने युरोपच्या नकाशावर असाच प्रवासाचा पट काढला होता, असे बाईंनी सांगितले. मुलांच्या घरी 'व्यापार'चा पट असतोच. पण त्यातली शहरे बहुतेकांनी पाहिलेली नाहीत. इथे मूल गाव ओळखते, म्हणून त्याला फक्त शब्द शोधावा लागतो.

काटेवाडीच्या घरात मेंढ्यांचे रिंगण काढले आहे. तिथे एक डाव थांबून मेंढ्यांविषयी एक वाक्य बोलायचे. वर्गात धनगराचा एक पोर आहे, वर्षभर तोंड न उघडणारा. कुणीतरी "शीप्स" म्हणाले, तेव्हा बाईंनी सांगितले, एक असो की शंभर, शीपच. तसा हा पोर उठून विचारतो, "मग कोकराला काय म्हणायचं?" लॅम्ब. "आणि करडाला?" किड. अन् इंग्रज लोक मुलांनाही किडच म्हणतात, हे ऐकून वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून काटेवाडीला अडलेले सगळे त्यालाच विचारतात.

या खेळाने सगळेच येते असे नाही. स्पेलिंग येत नाही, ते वहीत घोटावेच लागते. हुशार मुले भराभर पुढे जातात आणि मागच्याचा डाव कंटाळवाणा होतो. मराठीत बोलेल त्याने एक गाव मागे जायचे, असा नियम आधी होता. त्याने बुजरी मुले गप्पच बसू लागली, तेव्हा बाईंनी तो काढून टाकला. मला हे फार पटले. चुकेन म्हणून गप्प बसण्याची सवय मला चांगली माहीत आहे. एकदा दवाखान्यात इंग्रजी कागद पुढे आला, तो काय आहे हे विचारायचीही लाज वाटली आणि मी नुसती सही करून आले.

दुसऱ्या डावाला मी मुद्दाम पाण्याकडची वाट घेतली. माझे माहेर त्या बाजूचे. उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव बुडाले. धरण आटले की पळसनाथाचे देऊळ वर येते, ते आई आम्हांला दाखवायला न्यायची. पळसदेवच्या घरात सोंगटी पडली आणि शेजारच्या मुलीने विचारले, "व्हॉट इज हिअर?" मी म्हणाले, "द टेम्पल इज अंडर द वॉटर." जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत सबंध वाक्य बोलले, आणि तेही आईच्या देवळाविषयी. बाई काही बोलल्या नाहीत. शेजारची मुलगी मात्र म्हणाली, "काकू, कवड्या टाका की."

तसाच एक पट मी घरी काढला आहे. बारामतीच्या अलीकडे करहेकाठचे मोरगाव आणि हरणांसाठी सुपे जोडले आहे. आज तो मागच्या टेबलावर ठेवला आहे. कवड्या चारच आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी गुरुवारी येताना आणाव्यात.