अहवाल ग्रामसभेत वाचा, मग गुण द्या

(विंझर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय फार मोठा छापलाय: ‘विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि शाश्वत स्थानिक विकास’. तो वाचूनच निम्मं गाव आज वरातीला गेलेलं दिसतंय. (हशा) जे आलात त्यांना माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधून उठावं लागलं तरी मुद्दा पदरात पडलेला असेल. कॉलेजच्या पोरांनी एखाद्या गावाचा अभ्यास केला, तर तो अहवाल त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय त्यांना गुण देऊ नयेत. मार्गदर्शकानं सही केली, बाहेरच्या परीक्षकानं चहा-बिस्किटं घेतली, एवढ्यावर भागता कामा नये. गावानं ऐकलं पाहिजे. ‘हे चुकीचं लिहिलंय’ असं गाव म्हणालं, तर तेसुद्धा अहवालात शेवटी जोडलं पाहिजे.

हे मी नोकरीत होतो तेव्हापासून बोलतोय. स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला की सगळ्यांना एकदम तास आठवायचे.

राष्ट्रीय सेवा योजनेचं मी तुम्हाला काय सांगणार? 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. इथल्या पुष्कळांनी शिबिरात घमेली उचललेली असतील. नव्या शैक्षणिक धोरणाचंही तेच, तुमच्या घरात कुणी ना कुणी कॉलेजात आहेच. या धोरणात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग, आणि त्याला श्रेयांक. म्हणजे पूर्वी पोरं हौसेनं यायची, आता मार्कांसाठी येणार. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मार्कांसाठी आलेला मुलगा निदान वेळेवर येतो. (मागून हशा) मागच्या रांगेला पटलेलं दिसतंय!

पण येऊन करतात काय? फॉर्म भरतात. घरात माणसं किती, गुरं किती, संडास आहे का, पाणी कुठून आणता. एखाद्या आजीनं ही उत्तरं किती वेळा दिली असतील! पहिल्या खेपेला ती पोरांना चहा करते, पुढच्या खेपेला पाणी देते, आणि मग दारातूनच सांगते, ‘मागच्यांनी लिहून नेलंय, त्यांच्याकडनं घ्या.’ तिचं काय चुकलं? मागच्यांनी लिहून नेलेलं स्पायरल बाइंडिंग करून कुठल्यातरी विभागाच्या कपाटात पडलंय. पानशेतचं धरण आपल्याच तालुक्यात. पुणं तिथलं पाणी पितं. आणि पुण्याहून इकडे काय येतं? सर्वेक्षणाचे फॉर्म, आणि रविवारी राजगडावर प्लास्टिकच्या बाटल्या. (टाळ्या) टाळ्या बेतानं वाजवा, मीही पुण्याचाच आहे.

आणि हे आजचं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. 1917 साली पुस्तक निघालं. 1771 मध्ये तिथल्या शेतकऱ्याची जमीन सरासरी 40 एकर होती, ती 1915 पर्यंत 7 एकरांवर आली, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून दाखवलं. काम अव्वल, अर्थशास्त्राचे विद्यार्थी अजून त्याचा दाखला देतात. पण पुस्तक इंग्रजीत. ज्यांच्या तुकड्यांची मोजणी झाली, त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत. आज पिंपळे सौदागरात एकरांची भाषाच उरली नाही, सगळा व्यवहार स्क्वेअर फुटांत. असो.

आता उलटं उदाहरण देतो. ते थोडक्यात सांगायचं ठरवून आलोय, बघू.

1990 च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचे लोक वस्तीत साक्षरता वर्ग घेत होते. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण ही त्यातली नावं. वर्गातली मुलं कचरा वेचणारी; ती वेचायला जायची आणि वर्ग बुडायचा. दुसरा कुणी असता तर हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून मोकळा झाला असता. या बायका त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचरापेट्यांवर गेल्या. तिथे शिकवणारे आणि शिकणारे यांच्या जागा बदलल्या. कुठला कागद चालतो, काच कशी वेगळी करायची, पत्र्याला काय भाव, हे आयांनी बाईंना शिकवलं. आणि लक्षात आलं की पोरं शाळेत येत नाहीत याचं मूळ त्या पेटीत आहे. पेटीत सगळं ओलं, कुजलेलं, एकात एक मिसळलेलं, म्हणून भाव कमी, आणि मग पोरांचेही हात लागायचे. तेच घरातून सुकं वेगळं हातात आलं, तर भाव बरा मिळेल, वेळ वाचेल आणि बाईचे हातही घाणीत जाणार नाहीत.

मग सोसायट्यांची दारं. आता बघा, पाठीवर पोतं घेतलेली बाई फाटकाशी आली की वॉचमन काय करतो? तुम्ही पुण्याला लेकाकडे राहायला जाता, तुम्ही पाहिलंय. तुमच्याच पिशवीकडे तो दोनदा बघतो! (हशा) त्या बायकांना तर चोरच समजायचे. तेव्हा विद्यापीठानं त्यांना ओळखपत्रं दिली. इथे थोडं थांबतो, कारण मला ही गोष्ट डिग्रीपेक्षा मोठी वाटते. विद्यापीठ कुणाला कार्ड देतं? जो फी भरतो त्याला. इथे विद्यापीठानं आपलं नाव अशा बाईच्या गळ्यात अडकवलं, जिनं त्याच्या परीक्षेला कधी बसायचंच नव्हतं. फाटक उघडलं. घरोघर सुका कचरा वेगळा ठेवायला सुरुवात झाली. एवढ्यात त्याच भागात घरून कचरा उचलायला गाडीवाला आला, आणि नुकती मिळालेली दारं जायची वेळ आली. बायका रस्त्यावर उतरल्या. 1993 मध्ये बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. आठशेवर कचरावेचक जमले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. बाबा कोण हे या सभेत सांगायला नको, त्यांची हमाल पंचायत तुम्हाला ठाऊक आहे. पुढे पुणे महापालिकेनं स्वतः ओळखपत्रं मान्य केली…

(दिवे गेले. थोड्या वेळाने आले.)

महावितरणला विषय झोंबलेला दिसतो. कुठे होतो? ओळखपत्रं. त्याच्यापुढचं माझ्या कामाचं आहे. 2001 साली एसएनडीटीच्याच प्राध्यापकांनी हिशेब मांडला: एक कचरावेचक महिन्याला साधारण 246 रुपयांचं काम शहरासाठी फुकट करते. हा आकडा कपाटात गेला नाही. पंचायतीच्या बायकांच्या हातात गेला. त्यांनी तो महापालिकेसमोर ठेवला, आणि पुढे महापालिका त्यांच्या आजारपणाच्या विम्याचा हप्ता भरायला लागली. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आणि महापालिका यांच्यात करार झाला, घरोघरचा कचरा उचलण्याचा. यात श्रेयांक कुणाला मिळाले नव्हते. पण ज्यांचा अभ्यास झाला त्यांनीच अभ्यास वापरला. सगळ्या महाराष्ट्रात विद्यापीठ आणि शहर यांच्या जोडीचं याहून खणखणीत उदाहरण मला माहीत नाही.

(चिठ्ठी येते) ‘दहा मिनिटं.’ बरं. शेवटची एसटी, मला कल्पना आहे.

मग परदेशाचं भराभर उरकतो. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठानं 2009 मध्ये एक पद्धत काढली. एका वर्षी एकच शहर घ्यायचं, आणि वेगवेगळ्या विभागांचे कितीतरी अभ्यासक्रम त्याच्याच प्रश्नांवर चालवायचे. पहिल्या वर्षी ग्रेशम, दुसऱ्या वर्षी सेलम. प्रश्न शहर ठरवतं, आणि पैसेही देतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र 1985 पासून आहे. त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासन निर्णय जानेवारी 2016 चा. कल्पना चांगली, कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्याचे पाण्याचे, रस्त्यांचे प्रश्न सोडवायचे. शासन निर्णय निघाला म्हणजे काम झालं, असं आपल्यापैकी कुणी मानत नाही, तेव्हा पुढे जातो.

(श्रोत्यांतून: ‘सर, ग्रामसभेला माणसं तर यायला पाहिजेत!’)

हे येणार हे मला माहीत होतं. मंडळी, गणपूर्तीला शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, यातली कमी असेल ती संख्या लागते. आणि तहकूब झालेल्या ग्रामसभेला तीही लागत नाही, हे तुम्ही मला शिकवायचं! (मोठा हशा) उलट मी म्हणतो, गावच्याच पोरी-पोरांचा अहवाल वाचला जाणार असेल तर त्यांच्या आया येतील, आणि आया आल्या की सभा नीट चालते. प्राध्यापकांना आणखी एक काम लावतोय असंही कुणी समोर मनात म्हणत असेल. लावतोय. साठ तासांच्या प्रकल्पातले दोन तास ग्रामसभेला गेले तर विद्यापीठ बुडत नाही.

इथे काय करता येईल? कॉलेज तुमच्या गावात आहे, बाहेरून कुणाची वाट बघू नका. एकच खोरं घ्या, तीन वर्षं सोडू नका. भूगोलवाल्यांनी झरे आणि विहिरी नकाशावर घ्याव्यात, पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची पातळी मोजावी. रसायनवाल्यांनी ते पाणी तपासावं. कॉमर्सच्या मुलांनी पंचायतीचं अंदाजपत्रक सगळ्यांना कळेल असं मांडावं. यावर सरपंच हसले नाहीत, नोंद घ्या. (हशा) आणि अहवाल मराठी विभागानं लिहावा, कारण सायन्सवाल्यांचं मराठी मी आयुष्यभर तपासलंय. फक्त प्रश्न कॉलेजनं ठरवू नयेत. यंदा पाणी की गडावरचा कचरा, हे गावानं सांगावं.

पुन्हा चिठ्ठी. संपवतो.

गावातला प्रकल्प पूर्ण झाला असा दाखला विद्यार्थी पुष्कळदा ग्रामपंचायतीकडून नेतात, त्यावर शिक्का तुमचा लागतो. तो इतका स्वस्त ठेवू नका. 1 मेची ग्रामसभा तोंडावर आहे. एवढाच ठराव करा: या गावात सर्वेक्षण करणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयानं मराठी अहवालाची प्रत पंचायतीत द्यावी, तो ग्रामसभेत वाचावा, आणि तोवर विद्यार्थ्यांना दाखला मिळणार नाही. मसुदा मी लिहून आणलाय. मी एसटीत बसायच्या आत ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांनी माझ्याकडून तो घ्यावा.